पोती तीच, दिवस वेगळा: कृष्णाकाठच्या दीड एकर गव्हाचा प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या काठाला असलेलं हे दीड एकराचं रान. जमीन काळी, खोल, चुनखडीची. सामू (पीएच) आठच्या वर. पाणी उपसा योजनेचं, पाळी ठरलेली. खरिपात सोयाबीन, रब्बीला गहू. घरचा ऊस पलीकडच्या रानात आहे आणि घरातलं सगळं लक्ष, मजूर आणि भांडणं तिकडेच असतात. गहू म्हणजे वर्षाचं घरचं धान्य आणि उरलं तर चार पोती विकायला. म्हणूनच कदाचित या रानात इतकी वर्षं खताचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

घरात दोन मतं होती. आप्पांचं मत असं, की गव्हाला एकरी एक पोतं डीएपी पेरताना आणि दोन पोती युरिया खुरपणी झाल्यावर, बस्स. "युरिया पडल्याबिगर रान काळं हुत न्हाय," हे त्यांचं वाक्य. मुलगा कृषी पदविका झालेला. त्याला वाटायचं, चुकतंय ते बियाणं. घरात लोक-1 होता. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीतून आलेला हा वाण ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे इतका रुजलाय, की अनेक गावांत 'लोकवन' म्हणजेच गहू. पण तांबेरा या बुरशीच्या रोगाला तो आता हमखास बळी पडतो.

मुलाच्या डोक्यात कारण होतं करंजखोपचं. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं हे गाव 2021 मध्ये बातम्यांत आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 6478 हा वाण तिथल्या शेतकऱ्यांनी लावला आणि हेक्टरी 45 ते 60 क्विंटल उतारा मिळाला. त्याआधी लोक-1, एचडी 2189 अशा जुन्या वाणांवर त्यांची सरासरी 25 ते 30 क्विंटलची होती. एकरात सांगायचं तर 10-12 वरून 18 ते 24 क्विंटल. बातमीचा मथळा सगळ्यांच्या लक्षात राहिला: उत्पन्न दुप्पट. वाण 110 दिवसांत येणारा, पानावरच्या आणि खोडावरच्या दोन्ही तांबेऱ्यांना प्रतिकारक, दाण्यात प्रथिनं 14 टक्के. कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावं असाच.

मग पहिल्या हंगामात दीड एकराचे तीन भाग झाले. वीस गुंठे लोक-1, वीस गुंठे एमएसीएस 6478 आणि वीस गुंठे देशी खपली. खपली आईच्या आग्रहाखातर. या भागात गव्हाची खीर म्हणजे खपलीची खीर, आणि सणाला दुसरा गहू घातलेला तिला चालत नाही. खत मात्र तिन्हींना एकच, आप्पांच्या पद्धतीचं.

हंगाम संपला तेव्हा घरात तिघंही नाराज होते. नवा वाण लोक-1 पेक्षा चांगला उतरला, पण दुप्पट सोडाच, दीडपटही नाही. लोक-1 वर फेब्रुवारीत तांबेरा आला. खपली तर ओंबीत चीक भरत असताना एका रात्रीच्या पाण्यात आणि वाऱ्यात चटईसारखी आडवी झाली. मुलाला वाटलं बियाणं भेसळीचं होतं. आप्पांना वाटलं खत कमी पडलं, पुढच्या वर्षी तिसरं पोतं टाकू.

त्या टप्प्यावर हे प्रकरण माझ्याकडे आलं.

आधी पोत्यांचा हिशेब

बियाण्यावर संशय घेण्याआधी पोत्यांतलं अन्नद्रव्य मोजून पाहू, असं ठरलं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला आपल्याकडे कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी 120 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद (फॉस्फरस), 40 किलो पालाश (पोटॅश). एकराला भाग दिला तर 48, 24 आणि 16.

आता आप्पांचं खत. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 18 टक्के नत्र म्हणजे 9 किलो, 46 टक्के स्फुरद म्हणजे 23 किलो. युरियाचं पोतं आता 45 किलोचं, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे दोन पोत्यांत 41 किलोंहून थोडं जास्त. एकूण नत्र 50 किलो, स्फुरद 23 किलो.

म्हणजे नत्र शिफारशीपेक्षा दोन किलो जास्तच आणि स्फुरद एका किलोनं कमी. वर्षानुवर्षं अंदाजानं टाकलेलं खत विद्यापीठाच्या आकड्याला इतकं चिकटून निघालं, की मुलगा थोडा ओशाळला आणि आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. पालाश मात्र शून्य होतं, आणि गंधक, जस्त यांचा तर विचारच नव्हता. पण तिसऱ्या पोत्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. नत्र कमी नव्हतं. मग ते गेलं कुठे?

नव्या वाणासाठी हा प्रश्न जास्त टोकाचा आहे, तो का, ते बघा. गव्हातली प्रथिनं मोजताना दाण्यातल्या नत्राला 5.7 नं गुणतात. उलट हिशेब केला तर 14 टक्के प्रथिनं म्हणजे दाण्यात जवळपास अडीच टक्के नत्र. एकरी 18 क्विंटल असा दाणा पिकवायचा, तर 44 किलो नत्र नुसत्या दाण्यातून पोत्यात भरून शेताबाहेर जातं, काडातलं वेगळं. 24 क्विंटलला तोच आकडा 59 किलोंवर जातो, म्हणजे शिफारशीतल्या एकूण नत्रापेक्षाही जास्त. उरलेलं जमिनीनं, शेणखतानं, आधीच्या सोयाबीनच्या मुळांनी द्यायचं. थोडक्यात, हा वाण खादाड आहे आणि त्याला दिलेलं नत्र वाया जायला फारशी जागाच नाही. लोक-1 चं 11-12 क्विंटल पीक तेवढ्याच खतात आरामात भागवतं आणि वाया गेलेलं कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या वाणावर झाकून राहिलेली गळती नव्या वाणानं उघडी पाडली.

खुरपणीनंतरचा युरिया

गळती सापडली ती तारखांत. आप्पांचा युरिया पडला होता पेरणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवशी, दोन्ही पोती एकदम.

यामागे आडमुठेपणा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. आप्पांचा तर्क सरळ आहे: आधी तण काढायचं, मग खत द्यायचं, नाहीतर निम्मं खत तणच खातं. तर्क बरोबरच आहे. अडचण अशी, की त्या दिवसांत ऊसतोड ऐन भरात असते. गव्हाच्या खुरपणीला बायका मिळेपर्यंत महिना उलटतो, मग खुरपणी, मग पाण्याची पाळी, मग युरिया.

गव्हाच्या दृष्टीनं तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांत मुकुटमुळे फुटतात. रोप उपटून पाहिलं तर बियापासून निघालेली बारीक मुळं खाली दिसतात आणि त्यांच्या वर, जमिनीच्या अगदी लगत, बुडख्याच्या पेऱ्यातून पांढऱ्या, जाडसर मुळांची नवी कोंबं डोकावतात. याच पेऱ्यातून फुटवे निघतात. किती फुटवे निघणार आणि त्यातले किती ओंबी धरेपर्यंत जगणार, हे या आठवडा-दहा दिवसांतलं पाणी आणि नत्र ठरवतं. म्हणून पहिलं पाणी आणि नत्राचा दुसरा हप्ता एकविसाव्या दिवसाच्या आत द्या, असं सांगतात. 40 ते 45 दिवसांनी पीक कांडी धरतं. त्या वेळी आलेलं नत्र नवे फुटवे फारसे देत नाही. ते पानात आणि कांडीच्या लांबीत जातं. रान खरोखर काळंभोर होतं. रस्त्यानं जाणारा थांबून बघतो. माव्याची कीडही थांबते. दाट, रसरशीत, उशिरा हिरव्या राहिलेल्या पिकात तांबेऱ्याला हवा तसा ओलावा मिळतो. महाबळेश्वरला कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा (तांबेरा) संशोधन केंद्र आहे. म्हणजे या रोगाचा अभ्यास आपल्याच डोंगरावर चालतो, आणि खाली मैदानात आपण उशिराच्या युरियानं त्याला पाहुणचार करतो.

दुसरी गळती हवेत होती. सामू आठच्या वर असलेल्या ओल्या काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवला, तर त्याचा अमोनिया होऊन बराच उडून जातो. पाळी एक-दोन दिवस पुढे ढकलली गेली, की पोत्यातला काही भाग फुकट. युरियाचं पोतं सरकारी दरानं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, डीएपीचं 1,350 ला. युरिया इतका स्वस्त आहे म्हणूनच तो उधळायला कोणाचा हात थरथरत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिचा खताशी संबंध नाही पण दोष मात्र खतावर आला. त्या वर्षी पेरणी झाली नोव्हेंबरच्या अखेरीस. परतीच्या पावसानं सोयाबीनची काढणी लांबली, काळ्या रानाला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येईना. वेळेवरच्या बागायती गव्हाची पेरणी 15 नोव्हेंबरपर्यंत उरकायची असते. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पन्न घटतं असं विद्यापीठ सांगतं, म्हणजे एकरी क्विंटलभर. एमएसीएस 6478 हा वेळेवरच्या पेरणीचाच वाण आहे. उशीर होणारच असेल तर एनआयएडब्ल्यू 34 किंवा फुले समाधान घ्यावा. हे दोन्ही निफाडच्या संशोधन केंद्राचे, आणि फुले समाधान तर वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतो. करंजखोपचा आकडा आणि आपली तारीख, यांची तुलना करून बियाणं भेसळीचं ठरवणं हा त्या बियाण्यावर अन्याय होता.

दुसरा हंगाम: उभे वाण, आडवं खत

पुढच्या वर्षी सोयाबीन वेळेत निघालं आणि पेरणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. वाण तेच तीन, उभ्या पट्ट्यांत. पण या वेळी खत आडव्या चार पट्ट्यांत द्यायचं ठरलं, म्हणजे प्रत्येक खताखाली तिन्ही वाण आणि प्रत्येक वाणावर चारही खतं. पाच-पाच गुंठ्यांचे बारा तुकडे. मेरेवर चुन्याच्या रेघा मारल्या तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, "कबड्डी ठेवलीया का काय?"

पहिल्या पट्ट्याला आप्पांची पद्धत जशीच्या तशी.

दुसऱ्या पट्ट्यालाही आप्पांचंच खत, तेवढीच पोती, फक्त दिवस बदललेला. डीएपी दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाखाली, एकरी 35 किलो युरिया पेरणीआधी मातीत मिसळून आणि उरलेला 55 किलो विसाव्या दिवशी. हा पट्टा माझ्या मते सगळ्यात मोलाचा, कारण त्यात बदल फक्त एका गोष्टीचा होता. आपल्याकडच्या बहुतेक प्रात्यक्षिकांत वाण, खत, अंतर, फवारणी सगळं एकदम बदलतात आणि मग फरक कशानं पडला हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसऱ्याला पूर्ण शिफारस, पण डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट. 16 टक्के स्फुरदाच्या हिशेबानं एकरी तीन पोती सुपर, 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत) आणि युरिया 52 किलो पेरणीला, 52 किलो विसाव्या दिवशी. सुपरमध्ये 11 टक्के गंधक असतं, म्हणजे तीन पोत्यांतून सोळा किलोंच्या वर गंधक आपसूक जातं. डीएपीत ते नाही. गव्हाच्या चिकाची, म्हणजे ग्लुटेनची, ताण सहन करायची ताकद गंधकाच्या बंधांवर असते. पोळी ताणल्यावर फाटते की लांबते, याचा एक धागा इथपर्यंत येतो. रब्बीच्या तोंडावर डीएपीची टंचाई झाली की दुकानदार डीएपीसोबत नको ती बाटली गळ्यात मारतो, त्याच दिवसांत सुपर बहुधा गोदामात पडून असतं. जड आहे, तीन पोती वाहावी लागतात, एवढाच त्याचा गुन्हा.

चौथा पट्टा नुसत्या शेणखताचा: एकरी पाच टन, शिवाय बियाण्याला अझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. पाच टनांत अर्धा टक्का धरला तरी 25 किलो नत्र, पण पहिल्या हंगामात त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. हा पट्टा आईसाठी होता. खपलीला रासायनिक नको, हे तिचं म्हणणं.

तणाचा प्रश्न आप्पांनीच सोडवला. विसाव्या दिवसाआधी दोन्ही मधल्या पट्ट्यांत सायकल कोळपं फिरवलं, मग युरिया, आणि त्याच दिवशी वरून हलकं पाणी. उसाच्या मजुरांची वाट बघायची गरजच पडली नाही. मोठी खुरपणी नंतर सवडीनं झाली, आणि तोवर गव्हानं रान झाकल्यामुळे तणही कमी होतं.

शेजारच्या एका जाणत्यानं सुचवलं, दुसऱ्या हप्त्याऐवजी नॅनो युरियाची फवारणी करा, पोती उचलायला नकोत. त्याचाही हिशेब बांधावर मांडला. सुरुवातीला आलेल्या चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम नत्र, आणि 45 किलोच्या पोत्यात 20 किलोंच्या वर. फवारणीनं पानाला टवटवी येईल, पण दाण्यातून 40-45 किलो नत्र बाहेर जाणार असेल तर ते कुठूनतरी आत यावं लागतं. तो पट्टा आखलाच नाही.

वाणाप्रमाणे काय झालं

तुकड्यांच्या वजनाचे किलोचे आकडे मुद्दाम देत नाही. एका रानातल्या एका हंगामाचा आकडा छापला, की तो चार दिवसांत शिफारस म्हणून फिरायला लागतो. क्रम आणि फरकाचा अंदाज मात्र सांगण्यासारखा आहे.

एमएसीएस 6478 मध्ये सगळ्यात मोठी उडी पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यात दिसली. खत तेच, पैसे तेच, फरक मात्र पोत्यांत मोजण्याइतका. जानेवारीत दोन्हीकडची रोपं शेजारी ठेवली, तर दुसऱ्या पट्ट्यातल्या रोपाला जाडजूड फुटवे जवळपास एका उंचीचे होते. पहिल्यात मुख्य खोड उंच आणि बगलेत मागाहून आलेले बारके, वांझ राहणारे फुटवे. तिसऱ्या पट्ट्यात, सुपर आणि पालाश दिलेल्या, ओंब्यांची संख्या दुसऱ्याएवढीच वाटली पण दाणा टपोरा, हातावर चोळल्यावर सुरकुती नसलेला. वजनात दुसऱ्याच्या थोडा पुढे. चौथ्यात, शेणखतावर, हाच वाण सगळ्यात मागे राहिला. फेब्रुवारीतच खालची पानं पिवळी पडून सुकली. खादाड पाहुण्याला उपासाचं ताट वाढल्यासारखं झालं.

लोक-1 मध्येही क्रम तोच, पण फरक पाट्यांत मोजण्याइतका. पहिल्या पट्ट्यातून दुसऱ्यात सुधारणा झाली, तिसऱ्यात फारशी भर पडली नाही. पहिल्या पट्ट्यातला लोक-1 तांबेऱ्यात इतरांच्या आधी सापडला. चांगल्या खताचा परतावा या वाणात एका मर्यादेच्या पुढे मिळत नाही, निदान या रानात तरी. घरी लोक-1 च ठेवायचा असेल, तर महागड्या खताच्या मागे न लागता युरियाची तारीख सुधारली तरी पुष्कळ.

खपलीत मात्र क्रम बदलला. पहिल्या पट्ट्यात ती पुन्हा आडवी झाली. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कलली, काही ठिकाणी लोळली. शेणखताच्या पट्ट्यात उभी राहिली. नुसतं उभ्या पिकाकडे बघितलं असतं तर मधले पट्टेच जास्त भरलेले वाटले असते. पण लोळलेल्या खपलीच्या ओंब्या मातीला लागून काळवंडल्या, दाणा पोचट राहिला, आणि हार्वेस्टरला ती उचलता येईना म्हणून विळ्यानं कापावी लागली. खपली मळल्यावर टरफलासकट निघते. कांडून टरफल काढल्यावर जे हातात आलं, त्यात शेणखताचा पट्टा पहिला होता. आईनं काही म्हटलं नाही, पण बियाण्याची खपली कोणत्या पट्ट्यातली घ्यायची हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

हे पाहताना गव्हाचा जुना इतिहासच दीड एकरात घडताना दिसला. साठच्या दशकाआधी आपले सगळे गहू असेच उंच होते आणि नत्र वाढवलं की लोळायचे. जपानच्या नोरिन-10 या बुटक्या गव्हातले जनुक घेऊन मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी आखूड, ताठ दांड्याचे वाण तयार केले. सोनोरा 64, लर्मा रोहो हे त्यातलेच, आणि 1966 मध्ये भारतानं अशा बियाण्याचे 18 हजार टन मेक्सिकोतून आणले. खत तेव्हाही होतं. ते पचवून उभा राहणारा दांडा नव्हता. लोक-1 आणि एमएसीएस 6478 हे त्या बुटक्या घराण्यातले, देशी खपली त्याआधीच्या. एकाच बांधावर या दोन पिढ्यांना एकच माप लावणं म्हणजे खपलीला पाडण्याचा बंदोबस्त. खपलीतही आता डीडीके 1025, डीडीके 1029 असे धारवाडचे आणि आघारकरचा एमएसीएस 2971 असे आखूड वाण आहेत. ते देशी खपलीपेक्षा जास्त खत सोसतात. खपलीला बाजारात साध्या गव्हापेक्षा चांगला भाव मिळतो, तेव्हा ज्याला ती विकायला लावायची आहे त्यानं हा पर्याय बघावा. आईला मात्र चव बदलेल अशी धास्ती आहे, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही.

काय म्हणता येत नाही

दुसरा आणि पहिला पट्टा यांतला फरक वेळेचा, असं मी बऱ्यापैकी ठामपणे म्हणतो, कारण पोती तीच होती आणि तिन्ही वाणांत कल एकच दिसला. त्यातही कोळपणीचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. तण लवकर निघालं याचाही फायदा झालाच असणार.

तिसऱ्या पट्ट्याचं श्रेय वाटून देणं अवघड आहे. गंधक, पालाश आणि सुपरमधलं कॅल्शियम, सगळं एकदम आलं. आपल्या काळ्या जमिनी मुळात पालाशच्या बाबतीत श्रीमंत, त्यामुळे गव्हाला पालाश दिल्यावर दर वेळी फरक दिसतोच असं नाही. पण वर्षानुवर्षं पालाश न दिलेल्या या रानाची ती श्रीमंती किती उरली आहे, हे माती तपासल्याखेरीज कळणार नाही. माझा कौल गंधकाकडे आहे. त्याला पुरावा म्हणत नाही.

शिवाय पहिला पट्टा पाटाच्या तोंडाशी होता, त्याला पाणी नेहमी जरा जास्त मिळतं. खपली तिथे लवकर लोळली यात पाण्याचाही हात असेल. एका रानात प्रत्येक खत एकदाच दिलं, तर अशा शंका राहणारच. म्हणून तर संशोधन केंद्रांवर तेच खत तीन-चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या वाफ्यांत देतात आणि कडेच्या ओळी वजनातून वगळतात. शेतकऱ्याला एवढं जमत नाही, पण पट्ट्यांची जागा दर वर्षी बदलणं जमतं.

तिसऱ्या हंगामाचा बेत

बारा तुकड्यांचा पसारा आता नाही. वीस गुंठ्यांतली खपली दहावर आणली, बियाणं शेणखताच्या पट्ट्यातलं, आणि तिला विसाव्या दिवशी अगदी हलका युरियाचा हात, शिफारशीच्या निम्म्याहून कमी नत्राचा. आईची त्याला संमती नव्हती. शेवटी दहातल्या पाच गुंठ्यांवर तडजोड झाली.

लोक-1 बंद. त्याच्या जागी फुले समाधान, कारण सोयाबीन फुले संगमच राहणार आहे. तो कसबे डिग्रजच्या केंद्रातून आलेला, शंभरीच्या वर दिवस घेणारा वाण, आणि परतीचा पाऊस लांबला तर गव्हाला उशीर होणारच. उरलेल्या रानात एमएसीएस 6478, त्याला पेरणीला सुपर आणि निम्मं नत्र, विसाव्या दिवसाच्या आत उरलेलं निम्मं, आणि 55 व 70 दिवसांनी 19:19:19 या विद्राव्य खताची दोन टक्क्यांची फवारणी.

पालाशचा गुंता सोडवायला या वाणाच्या मधोमध चुन्याची एकच रेघ मारायची आहे. पाटाच्या बाजूला पोटॅशशिवाय, पलीकडे पोटॅशसकट, बाकी सगळं सारखं. पुढच्या वर्षी बाजू उलट. आप्पांनी एकच अट घातली आहे: पाण्याची पाळी त्या दिवसात आली नाही, तर युरियाचं पोतं फोडायचं नाही, घरातच ठेवायचं.